कोळशाने दिलेला चकवा

आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटाच्या पश्चिमेकडच्या लिनेवात्नेट तळ्याच्या गाळाचा कोअर, म्हणजे तळातून नळीने काढलेला गाळाचा उभा दंडगोल, त्या दिवशी टेबलावर होता. दरीच्या वरच्या टोकाला लिनेब्रेन ही लहानशी हिमनदी. ती वाढली की दगड दळते आणि ते करडं पीठ ओढ्यातून तळ्यात येऊन बसतं. असा गाळ दाट आणि सेंद्रिय अंश, म्हणजे जिवांपासून आलेला भाग, कमी असलेला. हिमनदी आटली की याच्या उलट. निदान आमची अपेक्षा तशी असते.

कोअर उभा चिरला आणि काचपट्टीने आडवा खरवडला. उभा खरवडला तर वरचा गाळ खालच्या थरांवर फासला जातो. दर अर्ध्या सेंटिमीटरला 1 घन सेंटिमीटर नमुना, 105 अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवून वजन, मग 550 अंशांवर 4 तास जाळून पुन्हा वजन. जळून वजनात जी घट होते ती सेंद्रिय अंशाची खूण मानतात. क्रुसिबल, म्हणजे नमुना जाळायची छोटी वाटी, चिमट्यानेच धरायचं आणि डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातच गार करायचं. उघड्यावर राख ओल धरते आणि घट कमी दिसते.

वरच्या करड्या थरांत घनता वाढत होती, दळलेल्या खडकाची खूण असलेलं टायटॅनियमही वाढत होतं. आणि त्यांच्याबरोबर जळून होणारी घटही!

आधी चिकणमातीवर संशय घेतला. तिच्या खनिजांतलं बांधीव पाणी याच तापमानाला निघतं, पण घट त्याहून बरीच मोठी होती. 5 नमुने पुन्हा जाळले, तेच उत्तर. मग उरलेला गाळ 125 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला. सूक्ष्मदर्शकाखाली काळे, कंगोरेदार, चकचकीत कण, सुईने दाबताच फुटणारे. कोळसा! या दरीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कार्बोनिफेरस काळातले कोळसाधारी खडक आहेत, हे ठाऊक असूनही आलेख वाचताना तो हिशेबात धरला नव्हता.

म्हणजे जळालेलं वजन तळ्यातल्या जिवांचं नव्हतंच, त्यातला मोठा वाटा दळलेल्या खडकाचाच होता. खरा धोका कालनिर्णयात होता. गाळाचं वय त्यातल्या कार्बन-14 या हळूहळू घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून ठरवतात. कोळशात तो शिल्लक नसतो, त्यामुळे सगट, म्हणजे काही न निवडता घेतलेल्या गाळाचं वय हजारो वर्षांनी जुनं येऊ शकतं. कालनिर्णयासाठी ठरवलेले सगट नमुने रद्द केले. त्याऐवजी 1-1 सेंटिमीटरचे काप धुऊन ध्रुवीय विलो या खुरट्या झुडपाची पानं आणि जमिनीवरच्या शेवाळाचे देठ वेचले. करड्या थरांत तेही मोजकेच, काही कापांत काहीच नाही. तिथे वरखालच्या तारखांवरच भागवावं लागतं.

घटीचा आलेख मात्र टाकला नाही, फक्त त्याला ‘सेंद्रिय अंश’ म्हणणं सोडलं. बाजूच्या ओढ्यांतूनही कोळसा येतो का, हे ओढ्यांच्या तळाची वाळू चाळून बघितल्याशिवाय गाळातला कोळसा हिमनदीच्या नावावर लावायचा नाही, असं ठरलं.