डार्टमूरच्या उंबऱ्यावर: ओकहॅम्प्टनहून दोन दिवसांची पायपीट

बाबा ६७ वर्षांचे आहेत. कळसूबाई चार वेळा झालंय आणि हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने. यंदा ते ब्रिस्टलला माझ्याकडे आले तेव्हा मी सांगितलं, दक्षिण इंग्लंडमधल्या सगळ्यात उंच जागी, हाय विलहेजला जाऊ, उंची ६२१ मीटर. ते हसलेच. "अगं, पुणंच ५६० मीटरवर आहे! तिथे चढायचं काय?"

त्यांचं म्हणणं खरंच होतं, चढायचं फारसं काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते एका पायाने गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलात उभे होते. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ओकहॅम्प्टन हे नैऋत्य इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं बाजाराचं गाव, डार्टमूर नावाच्या पठाराच्या उत्तर कडेला. १०८६ च्या 'डोम्सडे' या जमीन-महसुलाच्या सरकारी नोंदींमध्ये इथला किल्ला आणि बाजार दोन्ही सापडतात. गावाच्या उत्तरेला हिरवी शेतं, दक्षिणेला एकदम उघडं पठार. कोकणातला सडा डोळ्यांसमोर आणा, मात्र जांभ्याच्या जागी ग्रॅनाइट, आणि वर कुजून दबलेल्या वनस्पतींची काळी, पाणी धरून ठेवणारी माती, म्हणजे पीट. टेकड्यांच्या माथ्यावर दगडांचे ढीग दिसतात, त्यांना टॉर म्हणतात. दुरून कोणीतरी दगडावर दगड रचून ठेवलेत असं वाटतं. प्रत्यक्षात तो जागचाच ग्रॅनाइट आहे, भेगांमधून झिजून तसा उरलेला.

इथे गाडीशिवाय येता येतं, ही फार मोठी सोय. एक्सेटरहून ट्रेनने साधारण चाळीस मिनिटं. या मार्गाची नियमित प्रवासी सेवा १९७२ मध्ये बंद झाली होती, ती नोव्हेंबर २०२१ मध्ये रोजच्यासाठी परत सुरू झाली. स्टेशन गावाच्या वर, टेकडीवर आहे. त्यामुळे पठारावर जायला ते सोयीचं, पण मुक्काम गावात असेल तर दिवसभर चालून आल्यावर शेवटचा उतार गुडघ्यांना जाणवतो. आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी गेलो. हेदरची जांभळी फुलं ओसरत आली होती, पण होती. मे महिन्यात यायचं असेल तर 'टेन टॉर्स'चा शनिवार-रविवार टाळा. १९६० पासून चालत आलेली ही किशोरवयीन मुलांची लांब पल्ल्याची चाल इथल्याच लष्करी छावणीतून सुटते. त्या वेळी सुमारे २,४०० मुलं येतात, मग राहायला जागा मिळणं कठीण.

पहिल्या दिवशी दुपारी पाय मोकळे करायला बेलस्टोनला गेलो. पूर्व ओकमेंट नदीच्या काठाकाठाने, ओकच्या झाडीतून जाणारी वाट आहे. एका ठिकाणी डोक्यावरून रेल्वेचा जुना पूल आणि मोठा हमरस्ता जातो, तो ओलांडला की गाड्यांचा आवाज मागे पडतो आणि फक्त पाणी ऐकू येतं. चिखल आहे, मुळं निसरडी आहेत, पण चुकण्याची भीती नाही. नदी सोबत असते. जायला निवांत दीड-दोन तास. गावात गुन्हेगारांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा अजून जपून ठेवलाय. त्याच्यासमोर फोटो काढायचा आग्रह अर्थातच बाबांचा.

गावाच्या वरच्या बाजूला 'नाइन मेडन्स' नावाचं दगडांचं छोटं वर्तुळ आहे. शब्बाथच्या, म्हणजे देवासाठी राखलेल्या विश्रांतीच्या दिवशी नाचल्या म्हणून नऊ मुलींचे दगड झाले आणि दुपारी बारा वाजता त्या अजूनही नाचतात, अशी कथा. आम्ही मोजले तर नवापेक्षा बरेच जास्त निघाले. ती खरी तर कांस्ययुगातल्या दफनाची जागा. तिथून बेलस्टोन टॉर जवळ आहे. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर एवढंच करा आणि आल्या वाटेने परत या. पठाराची चव यातही येते.

दुसऱ्या दिवशीची चाल मोठी होती, पंधरा-सोळा किलोमीटरची. तिच्याआधीचं एक काम सगळ्यात महत्त्वाचं. यस टॉर आणि हाय विलहेज ही दोन्ही शिखरं लष्कराच्या गोळीबार क्षेत्रात येतात. गोळीबाराचं वेळापत्रक ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आधीच लागतं. निघायच्या आदल्या रात्री ते बघा आणि मगच बेत पक्का करा. सराव असेल त्या दिवशी टेकड्यांवर लाल झेंडे लागतात, रात्री लाल दिवे. क्षेत्राची हद्द लाल-पांढऱ्या खांबांनी दाखवलेली असते. झेंडा दिसला तर आत जायचं नाही, "एवढ्यात होऊन येऊ" हा आपला नेहमीचा युक्तिवाद इथे चालत नाही. झेंडा नसतानाही जमिनीवर पडलेली धातूची कुठलीही वस्तू उचलू नका.

आमच्या रविवारी झेंडे नव्हते. छावणीजवळून वर गेलो, रो टॉर आणि वेस्ट मिल टॉर मागे टाकले आणि यस टॉरचा दगडी माथा गाठला. उंची ६१९ मीटर. वर झेंड्याचा खांब, एक झोपडी आणि चारी बाजूंनी असा वारा की टोपी हातात धरून उभं राहावं लागतं. उत्तरेला अर्धं डेव्हन पसरलेलं. दशम्या आणि तिळाची चटणी इथेच खाल्ली. हाय विलहेज इथून जेमतेम एक किलोमीटर, दोन मीटरने उंच आणि दिसायला अगदीच साधं. सपाट खडकावर दगडांचा ढीग, बस्स. बाबा त्याच्यावर उभे राहून म्हणाले, "हेच का ते? पर्वतीला निदान पायऱ्या तरी आहेत."

आणि मग धुकं आलं.

सह्याद्रीत धुक्यात चाललो नाही असं नाही. पण तिथे कडा असतो, घळ असते, गडावर जायला ठरलेली वाट असते. पायाखालचा उतार कुठे आहे ते सांगत असतो. इथे जमीन काहीच सांगत नाही. सगळ्या दिशा सारख्या आणि पायवाटा म्हणाल तर मेंढ्यांनी पाडलेल्या, त्या मेंढ्यांनाच उपयोगी. आम्हाला पश्चिमेकडे, ब्लॅक टॉरकडे उतरायचं होतं. होकायंत्र माझ्या पाठपिशवीत, तळाशी, स्वेटरखाली होतं. फोनला रेंज नव्हती आणि त्यातला नकाशा मी आधी उतरवून ठेवला नव्हता. वीस मिनिटं आम्ही दक्षिणेला चालत होतो, आणि ते कळलं बाबांचा पाय रुतल्यावर.

तिथे सुंदर पोपटी हिरवळ दिसत होती. तीच दलदल. अशा थरथरणाऱ्या जागांना इथली माणसं 'फेदरबेड' म्हणतात, म्हणजे पिसांची गादी. चमकदार हिरवं शेवाळ आणि पांढरे कापसासारखे तुरे असलेलं गवत दिसलं की वळसा घाला. रुतलात तर धडपडू नका, मागे बसल्यासारखं होऊन पाय हळूहळू ओढा. बूट घट्ट बांधलेला असेल तर तोही बाहेर येतो. काठी आधी टोचून बघत चाला, हे बाबांनी मला नंतर शिकवलं, जणू त्यांना आधीपासून माहीत होतं!

याच पठारावर अजून आत क्रॅनमिअर पूल नावाची दलदल आहे. ओकहॅम्प्टनच्या एका जुन्या महापौराच्या भुताला ते तळं चाळणीने उपसायची शिक्षा झाली, अशी दंतकथा आहे. त्याने शक्कल लढवली, चाळणीला मेंढीचं कातडं लावलं आणि एवढं पाणी काढलं की खाली गावच बुडालं. मोजे पिळताना मी ही गोष्ट बाबांना सांगितली. ते म्हणाले, "माणूस कामाचा होता."

होकायंत्र काढून परत हाय विलहेजच्या ढिगापर्यंत आलो आणि नव्याने दिशा धरली. ओळखीच्या जागी परत जाणं जिवावर येतं, पण तेच करावं. ब्लॅक टॉरच्या खाली पश्चिम ओकमेंटच्या काठाला ब्लॅक-ए-टॉर कॉप्स नावाचं छोटं रान आहे. दगडांच्या खाचांमधून उगवलेले, वाऱ्याने खुरटलेले, शेवाळाने मढलेले ओक. देवराईत आल्यासारखं वाटतं. आत दगडांवर चढू नका, शेवाळ निघतं आणि घोटाही मुरगळतो. कडेने चाला.

पुढे नदीसोबत मेल्डनच्या धरणापर्यंत, तिथून १८७४ च्या लोखंडी रेल्वे पुलावरून ग्रॅनाइट वे. आता तो चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा डांबरी रस्ता आहे, सपाट आणि थेट स्टेशनपर्यंत. ज्यांना पठारावर जायचंच नाही त्यांनी स्टेशन ते पूल आणि परत एवढं जरूर करावं.

राहिलेलं थोडक्यात. कागदी नकाशा घ्या, ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २८, आणि होकायंत्र खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नाही. ब्रॅकन नावाच्या उंच नेच्यांत गोचिड्या असतात, पूर्ण पँट घाला आणि रात्री अंग तपासा. पठारावरच्या घोड्यांना खायला देऊ नका, कितीही जवळ आले तरी. शाकाहारींना चीज-कांद्याची पेस्टी (सारण भरून भाजलेली मोठी करंजी) मिळते, पण रविवारी दुकानं लवकर बंद होतात, शनिवारीच घेऊन ठेवा. रविवारच्या ट्रेनच्या वेळाही वेगळ्या असतात, त्या आधी बघा. आणि बुटांत कोंबायला वर्तमानपत्र मागून घ्या. आमच्या मुक्कामाच्या बाईंनी न मागता दिलं, तरी बाबांचा उजवा बूट ब्रिस्टलला पोचेपर्यंत वाळला नव्हता आणि मोज्यावरचा काळा डाग तीन धुण्यांनंतरही तसाच आहे.