‘टेंपरन्स’चं अस्तर अखेर सुटलं

मंगळवारी रात्री साडेअकराला ‘टेंपरन्स’च्या, म्हणजे इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या माझ्याकडच्या छापील चित्राच्या पाठीवरचं अस्तर (मागे चिकटवलेला कागद) एका कोपऱ्यात दोन इंच सुटलं. खाली पाठ कोरी नव्हती. काळ्याकुट्ट शाईच्या रेघा होत्या, दुसऱ्याच कुठल्या तरी चित्राच्या. चार महिने जी शंका मनात घेऊन फिरत होतो ती खरी ठरली. माझ्याकडची छाप १७९२ ची नाही, नंतरच्या प्रकाशकाची, बोनची आहे.

जोडी पुरी करायची म्हणून हे चित्र घेतलं. २ जुलै १७९२ चा ‘व्हॉलप्चुअरी’ माझ्याकडे चार वर्षांपासून आहे: पोट सुटलेला प्रिन्स ऑफ वेल्स काट्याने दात कोरतोय, टेबलाखाली रिकाम्या बाटल्या, मागे न चुकवलेली बिलं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला गिलरेने ‘टेंपरन्स’मध्ये प्रिन्सच्या आईबापांना पकडलं. तिसरा जॉर्ज उकडलेलं अंडं खातोय, विजारीला ठिगळ आहे, राणी तोंडात सॅलड कोंबतेय आणि फायरप्लेसमध्ये विस्तवाचं नाव नाही. उधळ्या मुलगा आणि चिक्कू बाप. ही दोन चित्रं एका भिंतीवर शेजारी लागली की खोलीत दुसरं काही लागत नाही. त्यासाठी सहा महिने पैसे बाजूला टाकत होतो.

हॅना हम्फ्री ही गिलरेची प्रकाशक. विक्रेत्याने ‘हम्फ्रीच्या दुकानातली, त्याच काळात रंगवलेली’ असं लेखी दिलं होतं आणि ‘मजबुतीसाठी पाठीला जुनं अस्तर’ अशी एक ओळ खाली जोडली होती. त्या ओळीपाशी मी थांबायला हवं होतं. बोनने १८४७ नंतर मूळ तांब्याच्या प्लेटांवरूनच छापा काढल्या, पण जाड वोव्ह कागदावर (जाळीच्या रेघा न दिसणारा गुळगुळीत कागद) आणि बहुतेक दोन्ही बाजूंनी. त्यामुळे पाठ बघितली की निम्म्या शंका मिटतात, आणि इथे नेमकी पाठच झाकलेली होती.

पहिली ठिणगी पडली ती रंगावरून. राजाच्या कोटावर एक जुनी घडी आहे. भिंगातून पाहिलं तर त्या घडीवर निळा रंग गडद होऊन आत मुरलाय. घडी पडली की कागदाचं सायझिंग (शाई-रंग मुरू नये म्हणून दिलेला लेप) तिथे फुटतं आणि नंतर लावलेला रंग तिथेच जास्त पिला जातो. म्हणजे आधी घडी, मग रंग. हम्फ्रीच्या दुकानातून रंगवून विकलेल्या चित्रात हे उलट दिसायला हवं होतं. तरी मी मनाची समजूत घातली, की काळी छाप खरी असेल आणि रंग कुणीतरी नंतर चढवला असेल.

मग ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट रूममध्ये वेळ घेऊन गेलो. पेन्सिल आणि भिंग एवढंच सोबत, आणि समोर त्यांची छाप. हे चित्र बरंचसं स्टिपलमध्ये आहे, म्हणजे गालांचं मांस रेघांनी नाही, ठिपक्यांनी उभं केलंय. त्यांच्या छापेत राजाच्या गालावरचा ठिपका न् ठिपका सुटा दिसतो, कपाळाकडे जाताना विरळ होत जातो. माझ्या छापेत तिथे फिकट, मळकट ढग आहे. स्टिपलचे ठिपके उथळ असतात, प्लेट झिजली की आधी तेच जातात. घरी येऊन ‘व्हॉलप्चुअरी’ काढून प्रिन्सचे गाल बघितले. कसले टवटवीत आहेत! त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

पण झिजलेली छाप म्हणजे बोनच, असं नाही. हॅना हम्फ्री १८१८ साली गेली, नंतर तिच्या पुतण्याने दुकान चालवलं, आणि खपणारी जुनी चित्रं पुन्हा छापली जात होतीच. वॉटरमार्क सापडला असता तर बरं झालं असतं, कारण १७९४ पासून इंग्रजी कागदात साल घालायची पद्धत रुळली. अस्तरामुळे तेही दिसेना.

वरच्या कोपऱ्यात बोनच्या छापांवर क्रमांक असतो. माझ्या चित्रात तिथे काही नाही. पण टॉर्च आडवा धरला तर नखाएवढ्या जागेत कागदाचा तंतू उठलेला दिसतो, आणि मागून प्रकाश टाकला की तेवढीच जागा उजळते. कुणीतरी खरवडलंय. ‘डाग काढला असेल’ हे विक्रेत्याचं उत्तर. असेलही, असं मी तेव्हा लिहून ठेवलं.

लाइट पॅडवर चित्र ठेवलं तेव्हा रेघांचं जंजाळ दिसलं. समोरच्या रेघा, त्यांच्यात मिसळलेल्या दुसऱ्या काही रेघा, आणि अस्तराचा तपकिरी रंग. जुनी अस्तरं कधी कधी छापील रद्दीची असतात, त्यामुळे त्या दुसऱ्या रेघा अस्तराच्याही असू शकत होत्या. एका मित्राच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने फोटो काढून बघितले. तांब्याच्या प्लेटची शाई कार्बनची, ती इन्फ्रारेडमध्ये छान उठून दिसते, पण समोरची शाईही कार्बनचीच. दोन्ही चित्रं एकावर एक बसली आणि गुंता होता तसाच राहिला. (यूव्ही टॉर्च इथे निरुपयोगी. त्याने विसाव्या शतकातल्या कागदाची चमक कळते, १८५० चा कागद १७९२ च्या कागदाइतकाच काळोखात राहतो. तरी प्रत्येकाने एक स्वस्तातला यूव्ही टॉर्च ठेवावाच.)

उरला एकच उपाय, अस्तर काढणं. आणि अडचण रंगाची. कापसाचं ओलं टोक कोटाच्या कडेला क्षणभर टेकवलं तर निळा लगेच उतरला. पाण्यात बुडवणं बाद. वाफही बाद.

आईशी व्हिडिओवर बोलताना तिला अस्तर दाखवलं. लहानपणी आमची जुनी पुस्तकं ती गव्हाच्या खळीने चिकटवायची. ती म्हणाली, “खळ आहे रे ही, कडा बघ कशी पिवळट चकाकतेय. खळ सुटते. फक्त उपटू नकोस, तिची तिला सुटू दे.” खळ आहे यावर विश्वास बसला आणि मग मिथाइल सेल्युलोजची घट्ट जेल करायचं ठरवलं. जेलमधून पाणी इतकं हळू झिरपतं की खळ मऊ होते, पण ओल समोरच्या बाजूपर्यंत सहसा पोचत नाही.

कोपरा विचार करून निवडला. प्लेटमार्कच्या (प्लेटच्या कडेने कागदावर उमटलेल्या दाबाच्या) बाहेर, जिथे समोर रंग नाही, आणि पाठीवर दुसरं चित्र असलंच तर त्याचा क्रमांक जिथे यायची शक्यता. पहिल्यांदा दहा मिनिटं जेल ठेवली. अस्तराचा वरचा पापुद्रा तेवढा निघाला, खालचा थर तसाच. हात थांबवला, ब्लॉटर बदलले, वर काच आणि काचेवर खलबत्ता ठेवून रात्रभर दाबून ठेवलं. दुसऱ्या रात्री वीस मिनिटं, वरून प्लॅस्टिकची शीट. हाडाची पट्टी कोपऱ्यात सरकवली आणि ती लोण्यात जावी तशी गेली. अस्तर न फाटता, न ओढता मागे वळलं. समोर रंगाला काहीही झालं नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात नीट काम.

आणि तिथे, त्या दोन इंचांत, दुसऱ्या प्लेटची कड, थोडी आडव्या रेघांची छटा आणि क्रमांक. पुढचा क्रमांक ज्याने खरवडला त्याने मागचा अस्तराखाली तसाच ठेवला होता. शेवटचे दोन आकडे स्पष्ट आहेत, त्यांच्या आधी एक आकडा अर्धा अस्तराखाली आहे. फोटो काढताना माझे हात थरथरत होते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पैसे परत द्यायला तयार आहे, पण चित्र ‘होतं त्या स्थितीत’ हवं म्हणतो. अस्तर पुन्हा लावून ही पाठ पुन्हा झाकायची आणि ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जाऊ द्यायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. हा परिच्छेद लिहायला घेईपर्यंत बेत परत पाठवायचाच होता. आता वाटतंय, ठेवून घ्यावं. किंमत फरकाइतकी कमी कर, असं त्याला आजच लिहितो. ही छाप गिलरेच्याच प्लेटवरची आहे, ते तांबं त्याच्याच हाताखालून गेलेलं आहे. खोटेपणा खरवडण्यात आणि झाकण्यात होता, छापेत नाही. अस्तर पूर्ण काढून दोन्ही बाजूंनी काच असलेली फ्रेम करून घेईन. फ्रेमवाल्याला आधीच सांगून ठेवलंय, चिकटपट्टी कुठेही नाही, जपानी कागदाचे बिजागर आणि गव्हाचीच खळ.

म्हणजे ‘व्हॉलप्चुअरी’ची खरी जोडीदारीण शोधायला पुन्हा पैसे साठवणं आलं. पण खरं सांगायचं तर या चार महिन्यांत कॅटलॉग चाळताना नजर वेगळीकडेच गेली आहे. १७९१ च्या अखेरीस गिलरेने ‘द कमिंग-ऑन ऑफ द मॉन्सून्स’ काढलं, श्रीरंगपट्टणहून माघार घेणारा कॉर्नवॉलिस आणि तटावरून त्याची भंबेरी उडवणारा टिपू. त्या मे महिन्यात कॉर्नवॉलिसने आपल्याच वेढ्याच्या तोफा निकामी केल्या होत्या, सैन्य उपाशी होतं, आणि माघारीच्या वाटेवर त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज भेटली. मराठ्यांच्या बाजारातलं धान्य महाग होतं, पण होतं. शाळेत हा प्रसंग आपण एका ओळीत वाचून पुढे गेलो. लंडनच्या दुकानाच्या खिडकीत त्याच मोहिमेचं चित्र टांगलेलं होतं आणि रस्त्यावरचे लोक ते बघून हसत होते, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. पुढच्या वर्षीचं ‘स्कॉच हॅरीज न्यूज’ही त्याच धाग्यातलं, त्यात मंत्री हेन्री डंडास राजाराणीला टिपूच्या पराभवाची खबर देतो. म्हैसूरची चित्रं असा एक वेगळा पोर्टफोलिओच करावा, मराठी माणसाने केलेला. कुणाकडे ‘मॉन्सून्स’ची छाप असेल तर रंगीत असो वा काळी, कृपया पाठीचा फोटो दाखवा.

शनिवारी पुढचे तीन इंच. तो अर्धा आकडा आधी मोकळा करायचा आहे, जेल करून फ्रिजमध्ये ठेवली आहे.