साजूक क्रोसाँ

फ्रान्समध्ये जाऊन बेकरी शोधावी लागते, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. तिथे तर म्हणे गल्लोगल्ली बेकऱ्या. आहेतही. लेक लिऑनला शिकते म्हणून आम्ही दोघं तीन आठवडे तिच्याकडे राहून आलो. पहिल्याच सकाळी स्टेशनासमोरच्या एका झगमगीत दुकानातून मी ऐटीत क्रोसाँ, म्हणजे पदर सुटलेला फ्रेंच पाव, घेऊन आलो. छान अर्धचंद्राकृती, चित्रातल्यासारखा. दोन घासांत टाळूला मेणाचा थर बसला.

"आपल्या नाक्यावरची खारी याहून बरी," मी म्हणालो.

"बाबा, वाकडा कशाला आणलास? सरळ आणायचा."

तिथला रिवाज असा की लोण्याचा क्रोसाँ सरळ ठेवायचा आणि मार्गारीनच्या साध्या क्रोसाँची टोकं वाकवायची. कायदा नाही, नुसता संकेत. त्यामुळे अपवाद भेटतात. पण किमतीच्या चिठ्ठीवर 'ओ ब्योर', म्हणजे 'लोण्याचा', असं लिहिलेलं असलं की घ्यायला हरकत नाही. हे सगळं ऐकून आमच्या सौ.नी एका वाक्यात निकाल लावला, "म्हणजे सरळ तो साजूक आणि वाकडा तो डालडा." मग परतेपर्यंत घरात हेच शब्द चालले.

दुकानावरच्या पाटीचं प्रकरण मात्र लेकीलाही नीट माहीत नव्हतं; ते मी वाचून काढलं. (निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो.) 1998च्या कायद्याप्रमाणे पीठ मळण्यापासून पाव भाजण्यापर्यंत सगळं त्याच जागेवर करणाऱ्यालाच पाटीवर 'बुलांजरी', म्हणजे 'पावाची बेकरी', म्हणवून घेता येतं. वाचून हायसं वाटलं. मग मेख लक्षात आली. हा कायदा पावापुरता आहे. क्रोसाँ कारखान्यातून गोठलेला येऊन मागच्या भट्टीत नुसता शेकला गेला, तरी पाटीला धक्का लागत नाही. म्हणजे पाव पाटीवर विसंबून घ्यावा आणि क्रोसाँ डोळ्यांवर.

मग आम्ही डोळे वापरायला लागलो. सगळे क्रोसाँ साच्यातून काढल्यासारखे सारखे दिसले, की पुढे चालायचं. एखादा लठ्ठ, एखादा जरा तिरका, एखाद्याची कड जास्त करपलेली दिसली, की थांबायचं. घरच्या चकल्या कधी एकसारख्या होतात का? रांगेत चाकांची पिशवी ओढणाऱ्या आजीबाई असल्या तर उत्तम. आणि अकरा वाजता अर्धे ट्रे रिकामे असतील तर उद्या लवकर यायचं. मोबाइलवरच्या चांदण्या मी दोनदा मोजून पाहिल्या आणि दोन्हीदा फसलो. त्या चांदण्या देणारे बहुतेक माझ्यासारखेच पाहुणे असणार.

शेवटची परीक्षा घरी, सुरीने. मध्ये कापल्यावर आत जाळी दिसली पाहिजे. अनारशाच्या जाळीसाठी आयुष्यभर जीव टाकलेल्या बाईला हे सांगावं लागलं नाही. क्रोसाँ उजेडाकडे धरून ती म्हणायची, "याला पडलीय बघा." पीठ लाटायचं, त्यात लोण्याची लादी गुंडाळायची, घडी, गारवा, पुन्हा लाटणं, पुन्हा घडी. तीन घड्यांचा फेरा तीनदा केला की लोण्याचे सत्तावीस थर होतात. "चिरोट्याचा साटाच की!" ती म्हणाली. फरक इतकाच की क्रोसाँच्या पिठात यीस्ट असतं, म्हणून थर सुटतात आणि आतून फुगतातही. आपली खारी बिनयीस्टची; ती निव्वळ वाफेवर फुलते. आणि गंमत म्हणजे या कुळाला फ्रेंच लोक 'व्हिएन्वाझरी', म्हणजे 'व्हिएन्नाकडचं', असं म्हणतात. 1838च्या सुमारास ऑगस्ट झांग नावाच्या एका ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसमध्ये व्हिएन्नाच्या पद्धतीची बेकरी काढली आणि तिथला चंद्रकोरीसारखा पाव पॅरिसकरांना आवडून गेला. पदर मात्र नंतर फ्रेंच हातांनी घातले.

एवढं करून सौ. क्रोसाँ खात नव्हती. तिला अंडं चालत नाही, आणि ती सुंदर तांबूस चकाकी वरून फिरवलेल्या अंड्याची असते. लेकीने हे फार उशिरा, म्हणजे चौथ्या दिवशी सांगितलं. पहिले तीन दिवस तसेच सोडून दिले. चौथ्यापासून ती परीक्षक आणि मी भक्षक.

तिचं भाग्य उजळलं ते 'त्रादिसियाँ', म्हणजे पारंपरिक, बगेटमुळे; बगेट म्हणजे काठीसारखा लांब पाव. या पावाची घटना 1993च्या सरकारी हुकमात लिहिलेली आहे: पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, फार तर किंचित कडधान्याचं किंवा मोड आणलेल्या गव्हाचं पीठ, रसायनं नाहीत, गोठवणं नाही. "सरकारनेच बिनअंड्याचा करून ठेवलाय," म्हणून ती रोज सकाळी स्वतः खाली उतरायची. आधी 'बोंझूर', मगच मागणी, हा तिथला शिष्टाचार ती माझ्याआधी शिकली. येताना रस्त्यातच बगेटचं नाक मोडून खाल्लेलं असायचं. मी काही म्हटलं नाही, कारण रस्त्यावर सगळेच तसं करत होते.

लिऑनची खासियत असलेल्या गुलाबी प्रालिनबद्दल एवढंच म्हणेन, की तो आपला संक्रांतीचा काटेरी हलवा, फक्त तिळाच्या जागी बदाम. तो वितळवून केलेला टार्ट मला अतिगोड वाटला. लेक अजून रागावलेली आहे.

दोन दिवस पॅरिसलाही गेलो. तिथे 1994पासून दरवर्षी उत्तम बगेटची स्पर्धा होते आणि जिंकणाऱ्याचा पाव वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात जातो. 2023 साली ती जिंकली थर्शन सेल्वराजा यांनी. मूळचे श्रीलंकेचे. आम्हाला उगीचच आपल्या आळीतला मुलगा पहिला आल्यासारखं झालं. त्यांच्या विसाव्या विभागातल्या दुकानापर्यंत मात्र जाणं झालं नाही. आमच्या वाट्याचा सोमवार होता, आणि सोमवारी पुष्कळ बेकऱ्या बंद. हॉटेलच्या गल्लीतही तीन शटरं ओळीने खाली होती.

निघताना हिने एक बगेट दोन तुकडे करून बॅगेत, साड्यांच्या मध्ये ठेवला. मी सांगून पाहिलं, की यात टिकवायला काही घातलेलं नसतं, हा संध्याकाळीच कडक होतो. ठाण्याला पोचेपर्यंत त्याने खिळा ठोकता आला असता. असल्या शिळ्या पावाला फ्रेंच लोक 'हरवलेला पाव' म्हणतात आणि दूध-अंड्यात बुडवून तव्यावर परततात. आमच्याकडे अंड्याचा प्रश्न. हिने पाण्याचा हबका मारला, कुस्करला, मोहरी-हिंगाची फोडणी, कांदा, दाणे, वरून कोथिंबीर. फोडणीच्या पोळीपेक्षा जरा चिवट, पण खमंग.

लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं: "आई, एलिझेला कळवू नकोस."