मिळून ठरलं नाही तर?

जुलैत रत्नागिरीतल्या मच्छी कंपन्या शांत असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मिरकरवाडा बंदरात बोटी ताडपत्री पांघरून उभ्या असतात आणि आमच्याकडे कॉम्प्रेसर उघडून दुरुस्त्या चाललेल्या असतात. भरतीही याच दिवसांत उरकायची, कारण ऑगस्टात माल सुरू झाला की कोणाला मान वर करायला फुरसत नसते. त्या वर्षी क्वालिटीत, म्हणजे आलेला माल तपासून पास-नापास करणाऱ्या खात्यात, एक जागा रिकामी होती. मुलाखत घ्यायला मालक, प्लांट मॅनेजर आणि क्वालिटीचा प्रमुख म्हणून मी असे तिघे बसलो होतो.

सकाळपासून चार जण होऊन गेले. शेवटी आम्ही प्रत्येकाला विचारायचो, "तुम्हाला काही विचारायचंय?" तिघे म्हणाले, "नाही सर." एकाने कंपनीचं पुढच्या पाच वर्षांचं उद्दिष्ट विचारलं. मालक खूश झाले, बराच वेळ बोलले. मुलगा मान डोलावत होता, पण त्या उत्तराचं त्याला काही करायचं नव्हतं, हे दिसत होतं. इतकी वर्षं मुलाखती घेतोय, पाठ केलेला प्रश्न लगेच ओळखू येतो.

पाचवी मुलगी जयगडहून एसटीने आली होती. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, अनुभव शून्य. छत्री बाहेर ठेवूनही ओढणीचं टोक भिजलेलं होतं. आमचे प्रश्न संपल्यावर तिने पिशवीतून शाळेची असते तशी चाळीस पानी वही काढली. पान उघडून मांडीवर ठेवली.

"सर, माझी नेमणूक कंपनीच्या पटावर की ठेकेदाराकडे?"

मॅनेजर म्हणाले, "पटावर."

"मग जून-जुलैचा पगार पूर्ण?"

"स्टाफला पूर्ण."

"आणि पीएफचा नंबर पहिल्या महिन्यात मिळेल?"

मॅनेजरांनी जरा चमकून पाहिलं. नोकरी लागायच्या आधी पीएफ कोण विचारतं? तिने न विचारताच कारण सांगितलं. तिची आई बरीच वर्षं कोळंबी सोलायला जायची, किलोवर पैसे. दरवर्षी मे संपला की ब्रेक. पगारातून दरमहा बारा टक्के कापले जायचे. काम सुटल्यावर पैसे काढायला गेली, तर तिच्याजवळ पीएफ खात्याचा यूएएन नंबरच नव्हता, आणि ठेकेदार तोवर तीनदा बदललेला. कुठली कंपनी ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मालकांनी तिथेच अकाउंट्सला फोन लावून पीएफ नंबर कधी देतो ते विचारलं आणि तिला तारीख सांगितली. मला ते आवडलं.

मग रात्रीच्या गाडीचं विचारलं. माल रात्री दहाला आला तर घरी कसं जायचं, गाडी नाक्यावर सोडते की दारापर्यंत, गाडीत दुसरी बाई असते का. हे प्रश्न प्रत्येक मुलीच्या मनात असतात, हे मला खात्रीने माहीत आहे. मोठ्याने विचारणारी मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वहीचं पान उलटून ती म्हणाली, "मी एखादा लॉट नापास केला, तर शेवटचा शब्द कोणाचा?"

मॅनेजर म्हणाले, "इथे आपण सगळे मिळून ठरवतो."

"मिळून ठरलं नाही तर?"

कोणीच बोललं नाही. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या कागदांकडे.

कारण ही जागा रिकामी झाली होती ती याच प्रश्नावर. आदल्या नोव्हेंबरात रात्री साडेदहाला बांगड्याची गाडी आली. क्रेटमध्ये वर बर्फ, खाली नुसतं पाणी. आधीच्या मॅडमनी थर्मामीटरची दांडी एका बांगड्याच्या पाठीत काट्यापर्यंत घातली. चार अंशांच्या आत हवा होता, आकडा आला बारा. दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात पुन्हा बारा. त्यांनी लाल टॅग लावला आणि रजिस्टरला नोंद केली. रात्रपाळीत वरून निरोप आला, टॅग निघाला, माल ब्लास्ट फ्रीझरमध्ये गेला. बांगडा, कुपा या जातीची मासळी उबेला राहिली की बॅक्टेरिया तिच्यात हिस्टामिन तयार करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात. युरोपला पाठवायच्या लॉटमधून नऊ नमुने तपासतात. सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. शंभर ते दोनशेमध्ये फार तर दोन चालतात, दोनशेच्या वर एकही नाही. आमचे तीन शंभराच्या वर गेले. माल पाठवला नाही, एवढं तरी झालं. पण त्या मॅडमना कोणी "तुमचं बरोबर होतं" म्हणालं नाही. मीही नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला आणि मी तो पुढे पाठवला.

हे सगळं त्या खोलीत फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. मी म्हटलं, "खरं सांगतो. आज तरी शेवटचा शब्द क्वालिटीचा नाही. गेल्या वर्षी नापास लॉट आत घेतला गेला, आणि ज्यांनी नापास केला होता त्या नोकरी सोडून गेल्या."

मॅनेजरांचा चेहरा उतरला. ती मुलगी मात्र बिचकली नाही. वहीत दोन ओळी लिहिल्या, "थँक यू सर" म्हणाली आणि उठली.

ती गेल्यावर जे व्हायचं ते झालं. मॅनेजर म्हणाले, घरातलं भांडण बाहेरच्या पोरीसमोर कशाला काढायचं? त्यांची बाजू मला कळते. गाडी दारात असताना बोटवाल्याला परत पाठवणं म्हणजे पुढचा महिनाभर त्याचा माल दुसरीकडे जाणं. तो दबाव त्यांच्या डोक्यावर असतो, माझ्या नाही. पण मी त्या दिवशी मागे हटलो नाही. मालक बराच वेळ ऐकत होते. शेवटी मला म्हणाले, "काय हवंय ते लिहून आण."

संध्याकाळी अर्धं पान लिहिलं. लाल टॅग लागलेला लॉट क्वालिटी प्रमुखाच्या लेखी सहीशिवाय हलणार नाही. टॅग लावणाऱ्याचं नाव आणि तापमानाची नोंद रजिस्टरमधून खोडायची नाही. सही मी केली तर कारण लिहीन, आणि जबाबदारी माझी. मालकांनी सही केली. मॅनेजरांनीही केली, दोन दिवसांनी.

तिसऱ्या दिवशी तिला फोन लावला. निवड झालीय म्हटलं आणि ते अर्धं पान वाचून दाखवलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "सर, एक विचारायचं राहिलं. त्या आधीच्या मॅडमचा नंबर मिळेल का?"

"त्यांना विचारून कळवतो," म्हटलं. राजीनाम्यानंतर मी त्यांच्याशी एकदाही बोललो नव्हतो. तो फोन करायला मला रात्रीचे नऊ वाजले. आधी जे आठ महिन्यांपूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हटलं. मग नंबराचं विचारलं. त्या म्हणाल्या, "द्या की. बोलते मी तिच्याशी."

दोघींचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. १ ऑगस्टला सकाळी साडेआठला ती गेटवर उभी होती.