रिपोर्ट कसा हवा, हे रक्त घेतानाच विचारा

आज दिवसभर नाशिकच्या ओपीडीत एकच प्रश्न: "जनुकीय तपासणीचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवाल का?" सुरगाणा-पेठहून येणाऱ्यांचा अख्खा दिवस एसटीत जातो, मागणी रास्तच आहे. काही सापडलं नाही तर फोन पुरतो. पण बीआरसीए-१ मध्ये, म्हणजे ज्या जनुकातल्या दोषाने स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो त्यात, दोष निघाला, तर समोर बसवून किंवा निदान व्हिडिओ कॉलवरच सांगावं. सख्ख्या भावंडांत आणि मुलांत प्रत्येकाला तोच दोष असण्याची शक्यता ५० टक्के. हे ऐकताना शेजारी आपलं माणूस लागतं.

सगळ्यात जास्त घोळ 'व्हीयूएस'चा. म्हणजे जनुकात बदल दिसला, पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. नुसती पीडीएफ हातात पडली की घरचे त्यालाच 'पॉझिटिव्ह' समजून बसतात. केवळ अशा निकालावर ऑपरेशन ठरवू नका. वर्गीकरण पुढे बदलू शकतं, म्हणून अधूनमधून विचारत राहा.

फॉर्मवरच लिहून घ्या: फोन की भेट, वेळ कोणती, सोबत कोण, आणि नंबर नेमका कोणाचा. दिराच्या मोबाइलवर गेलेला रिपोर्ट त्या बाईला घरात सगळ्यात शेवटी कळतो. निकाल तिचा आहे, आधी तिलाच कळायला हवा.