आमचा किनारा तापीचा

मालवणच्या मित्राकडे चार दिवस राहून निघताना त्यानं चिमटा काढलाच. "आमच्याकडे सिंधुदुर्ग. तुमच्याकडे काय, केळी?" केळी असणं हा काही कमीपणा नाही, पण तोंडावर उत्तर सुचलं नाही ते नाहीच.

म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी धुळ्याहून शिरपूरची एसटी पकडली आणि तिथून थाळनेर गाठलं. खानदेशाला समुद्र नाही. किनारा आहे तो तापीचा. पण सुरतेच्या बंदरावरून बऱ्हाणपूरला जाणारी वाट आपल्याच मुलखातून जायची. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानं या वाटेवरचे मुक्काम लिहून ठेवलेत. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा अशी आपली गावं ओळीनं येतात. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, असंही तो लिहितो. (आमच्या घरी तिकडचाच तांदूळ येतो. कस्तुरी कधी हुंगलेली नाही, त्यामुळे मी साक्ष देऊ शकत नाही.)

उतरल्यावर चहाच्या टपरीवर एका आजोबांनी विचारलं, "कथाईन उनात भाऊ?"

"धुळ्याहून. किल्ला बघायला."

"आठे काय शे दखाले?"

मालवणचाच प्रश्न, फक्त अहिराणीत.

आधी हजिरा पाहिला. ही फारुकी सुलतानांची थडगी. १३७० साली फिरोजशहा तुघलकानं मलिक राजाला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली, आणि अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेईपर्यंत खानदेश त्याच्याच वंशाकडे राहिला. बऱ्हाणपूर वसण्याआधीची राजधानी ही. एक कबर अष्टकोनी आहे, तिच्या बाहेरच्या अंगावरचं कोरीवकाम उन्हात उठून दिसतं. सावलीला दोन शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या, घुमटात पारवे. शेजारी निळा फलक. स्मारकाला इजा केल्यास कोणती शिक्षा होईल ते त्यावर सविस्तर, आत कोण झोपलंय त्याबद्दल एक ओळ नाही.

मग किल्ला. किल्ला म्हणजे आता मातीचा मोठा उंचवटा, काही बुरूज, पडक्या भिंती आणि बाभळी. पण जागा बघितली की निवडणाऱ्याची नजर कळते. एका अंगाला थेट तापी, बाकी बाजूंना खोल घळ. आत शिरायची वाट एकच, पूर्वेची, आणि तिच्यावर एकामागे एक पाच दरवाजे.

त्या पाच दरवाज्यांतच २७ फेब्रुवारी १८१८ चा दिवस घडला. इंग्रजांशी महिदपूरची लढाई हरल्यावर मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेशातले किल्ले ईस्ट इंडिया कंपनीला लिहून दिले होते. थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा याला ते मान्य नव्हतं. इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या तोफांनी मारा केला, दरवाजे एकेक करून ओलांडले गेले, आणि शेवटच्या दाराशी बोलणी चालू असताना हातघाई झाली. दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा न कळल्यानं हे घडलं असावं, असं इंग्रजांच्याच लिखाणात येतं. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथं पडले. त्यानंतर आतली सगळी शिबंदी, सुमारे ३०० माणसं, कापली गेली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी. हे इतकं उघडं होतं की १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेनं हिस्लॉपचे आभार मानले तेव्हा थाळनेरचं प्रकरण त्यातून बाजूला काढलं.

गॉर्डन आणि मॅकग्रेगर यांची नावं मला पाठ आहेत, कारण ती छापलेली आहेत. तीनशेंपैकी एकाचं तरी नाव सांगा म्हटलं तर मामापाशीच गाडी थांबते.

टपरीवरचे आजोबा तोवर मागोमाग वर आले होते. काठी टेकत टेकत. "दखाले काय शे" म्हणणाऱ्या माणसानं एका बुरुजाकडे बोट केलं आणि म्हणाले, "किल्लेदारले गोरासनी फाशी दिनी. आठेच." मग बराच वेळ आम्ही दोघं नुसते खाली नदी बघत बसलो. पलीकडच्या काठावर कुणीतरी पंपाचा पाईप ओढत होतं.

परतताना मुडावदला, पांझरा-तापीच्या संगमावरच्या कपिलेश्वराला जायचं ठरवलं होतं. ते राहिलं, आजोबांच्या घरी कळण्याची भाकर आणि ठेचा निघाला, मग कसलं उठणं होतंय.

एसटीत बसल्यावर बुरुजाचा फोटो मालवणला पाठवला. लगेच उत्तर : "अरे, हा तर ढिगारा."

शिरपूर येईपर्यंत मी त्याला तुळशीराम मामाची हकिकत टाईप करत होतो.