अर्धशिशीची गोळी आणि उतरलेलं मन

अर्धशिशी मला कॉलेजपासून आहे. गेल्या उन्हाळ्यात ती फारच वारंवार उठायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी रोज रात्री फ्लुनारिझिन 10 मिलिग्रॅम सुरू केलं. दुखायला लागल्यावर घ्यायची ही गोळी नव्हे. दुखणं मुळात येऊच नये म्हणून रोज घ्यायची. गुण आला. पावसाळा लागेपर्यंत डोकं बरंच शांत झालं होतं.

मन मात्र त्याच काळात उतरत गेलं. रडू येत नव्हतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. डबे होत होते, ऑफिस होत होतं. पण पहाटे जाग यायची आणि दिवस नकोसा वाटायचा. मुलगी ढोल पथकात आहे. नदीपात्रात सराव सुरू झाला की तिला सोडायला जाऊन मी एरवी तासभर तिथेच थांबते, टिपरू पहिल्यांदा पडलं की अंगावर काटा येतो. या वेळी पोटात काहीच हललं नाही. कधी घरी जाऊन आडवी होते असं झालं होतं. वजनही वाढत होतं.

कारणं सगळ्यांकडे तयार होती. सासूबाई म्हणाल्या, "चाळिशीनंतर होतं गं असं बाईच्या जातीला." मैत्रीण म्हणाली, ऊन नाही, पावसाळी हवा आहे. मलाही ते पटत होतं. माझ्या ताईने मात्र फोनवर वेगळंच विचारलं. तिने पूर्वी नैराश्याचे उपचार घेतले आहेत, तिला त्यातलं कळतं. म्हणाली, "एवढ्यात नवीन गोळी कुठली चालू केलीस?"

त्या रात्री मी फाइल काढून बसले. एका बाजूला गोळी सुरू झाल्याची तारीख, दुसऱ्या बाजूला झोप, भूक, ऑफिसच्या रजा, आणि कुठल्या घरच्या कार्यक्रमाला जायचं टाळलं ते. बरंचसं मोबाइलमधल्या मेसेजवरून सापडलं. गोळी आधी आणि उदासी काही आठवड्यांनी, असा क्रम कागदावर स्पष्ट दिसला. आपल्याकडे मेडिकलमधून पट्टी कापून मिळते, आतलं माहितीपत्रक हातात येतच नाही. मी ते मागून घेतलं. झोपाळूपणा, वजनवाढ, हातापायांचा कंप आणि नैराश्य, सगळं त्यात छापलेलं होतं. शिवाय ज्यांना आधी नैराश्य येऊन गेलंय त्यांना हे औषध देऊ नये, असंही.

गोळी मी मनाने बंद केली नाही, तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो नीट वाचला, याचं मला फार बरं वाटलं. हात पुढे धरायला लावले, चालायला लावलं, आणि जगू नये असं वाटतं का हेही सरळ विचारलं. तसं वाटत नव्हतं. तरी तसा विचार आलाच तर थांबू नका म्हणाले, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून दिला. अर्धशिशी असलेल्यांना नैराश्य मुळातच जास्त आढळतं, म्हणून एकदम गोळीवर खापर फोडता येत नाही, असंही त्यांनी सांगितलं. थायरॉइड आणि बी-12 तपासलं. दोन्ही ठीक निघालं.

मग त्यांनी समजावलं. फ्लुनारिझिन पेशींमध्ये शिरणारं कॅल्शियम अडवतं, पण मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं कामही थोडं रोखतं. मन आणि हालचाल दोन्हींवर परिणाम होतो तो बहुधा त्यामुळे. गोळी बंद करायचं ठरलं. माझ्या पट्टीत फक्त फ्लुनारिझिन होतं. बाजारात त्याच्यासोबत प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबावरचं औषध असलेल्या गोळ्याही मिळतात आणि प्रोप्रॅनोलॉल झटक्यात तोडणं धोक्याचं असतं, तेव्हा पट्टीवरची बारीक अक्षरं वाचाच.

सगळ्यात कठीण गेला तो नंतरचा काळ. हे औषध अंगातून निम्मं उतरायलाच साधारण 18 दिवस लागतात. गोळी बंद, तरी मन तिथंच. हे आधी सांगितलेलं नसतं तर माझा धीर सुटला असता. फरक पडला नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं हेही ठरवून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. आधी झोप सुधारली, मग भूक, आणि एका संध्याकाळी मीच मुलीला म्हटलं, चल, आज सरावाला थांबते.

दरम्यान मी बरंच वाचलं. दम्या-सर्दीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्टवर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2020 मध्ये मानसिक दुष्परिणामांबद्दल सर्वात कडक इशारा छापायला लावला. फिट्सचं लेव्हेटिरासिटाम, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, काविळीच्या काही प्रकारांवरचं इंटरफेरॉन, ही नावंही मनावर परिणाम करू शकणाऱ्या औषधांच्या यादीत आहेत. आणि वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, असंही नाही. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये जगापुढे मांडला. तिच्यातलं रेसर्पिन पुढे खूप वापरलं गेलं, तेव्हा काही रुग्ण खोल उदासीत गेल्याच्या नोंदी झाल्या. तो संबंध किती पक्का, यावर नंतर वादही झाला. उलट, ज्यांच्यावर वर्षानुवर्षं संशय घेतला गेला ती प्रोप्रॅनोलॉलच्या गटातली औषधं 2021 च्या एका मोठ्या आढाव्यात नैराश्याच्या आरोपातून बरीचशी सुटली. यादीत नाव दिसलं म्हणून घाबरून औषध सोडू नये, असं मला कळकळीने वाटतं ते यासाठीच.

आपल्या देशात अशा त्रासाची नोंद रुग्ण स्वतः करू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्या नोंदी जमा होतात. 1800-180-3024 या नंबरवर फोन करता येतो, फॉर्म मराठीतही आहे. मी भरला. औषधाचं नाव, बॅच नंबर, तारखा. फाइल काढून ठेवलेली होती, म्हणून सोपं गेलं.

ताईलाही अर्धशिशी आहे. महिन्याभरापूर्वी तिला तिच्या डॉक्टरांनी हीच गोळी लिहून दिली. तिने तिथेच आपल्या जुन्या नैराश्याचं सांगितलं, आणि त्यांनी चिठ्ठी बदलून दिली.